रात्री बोळात उभी राहणारी दुचाकी चोरांपासून कशी जपावी?

चिंचवडकर_तिसरी_पाळी यांचा प्रश्न:

नमस्कार. चिंचवडमध्ये चौदा बिऱ्हाडांच्या एका जुन्या इमारतीत मी भाड्याने राहतो. तळमजल्यावर दुकाने निघाली तेव्हाच पार्किंगची जागा गेली, त्यामुळे रात्री सगळ्यांच्या गाड्या इमारतीच्या कडेच्या बोळात ओळीने लागतात आणि त्या बोळाला फाटक नाही. गेल्या महिन्यात त्या ओळीतली एक गाडी पहाटे तीनच्या सुमारास चोरीला गेली. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात टिपलेला प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिला. तोंडाला रुमाल बांधलेला एक मुलगा सहज चालत येतो, चार गाड्यांची हँडले हलवून बघतो, पाचवीवर बसतो, भिंतीला पाय लावून हँडलला जोराचा हिसका देतो आणि गाडी चालू न करताच मागे घेत बोळाबाहेर काढतो. बाहेर त्याचा जोडीदार दुसऱ्या गाडीवर थांबलेला असतो. तो चोरलेल्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला पाय लावून टोचन देतो आणि दोघे निघून जातात. बोळाच्या तोंडाशी झोपलेले कुत्रे मान वर करून बघते आणि पुन्हा झोपते. या सगळ्याला दीड मिनिटही लागलेले नाही.

त्या चार गाड्यांतली तिसरी माझी होती. हँडल लॉक मीही केले होते आणि चोरी झालेल्या गाडीच्या मालकानेही केले होते. फरक इतकाच की शेजारच्यांनी आपली स्कूटर माझ्या गाडीला इतकी खेटून लावली होती की ती बाहेर काढायला वावच नव्हता. सकाळी कामावर निघताना याच स्कूटरवरून मी त्यांच्याशी अनेकदा हुज्जत घातली आहे, हेही इथे कबूल करतो.

माझी गाडी २०१६ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटरची आहे. चाकणला कामाला जातो, पाळ्या बदलत असतात, आणि महिन्यातून एकदा गावी कराडला जाताना गाडी पुणे स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये दोन-तीन दिवस ठेवतो. मागे एकदा डिस्क लॉक, म्हणजे चाकाच्या ब्रेकच्या चकतीला लावायचे कुलूप, आणले होते; पाचव्या दिवशी ते काढायचे विसरून गाडी पुढे घेतली, लॉक जाऊन कॅलिपरवर, म्हणजे चकती दाबणाऱ्या ब्रेकच्या भागावर, आदळले, आणि तेव्हापासून ते कपाटात पडून आहे. कोणत्या कंपनीचे कुलूप चांगले असे मी विचारत नाही. गाडी लावताना आणि ठेवून जाताना आपण रोज नेमके काय करता, आणि त्यातले काय वर्षानुवर्षे टिकले, हे जाणून घ्यायचे आहे.

तात्या_सातारा यांचे उत्तर:

आपण चित्रीकरणाचे जे वर्णन केले आहे त्यातच निम्मे उत्तर आहे. चोराने गाडी चालू केली नाही, म्हणजे त्या रात्री त्याला चावी, वायरिंग, पेट्रोल यांपैकी कशाचीच गरज पडली नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन चाकांवर लोटत न्यायची एक वस्तू होती. त्यामुळे घरी, रात्री, आपल्याला इंजिन बंद ठेवायचे नसून चाक फिरू द्यायचे नाही आणि गाडी जागची हलू द्यायची नाही, एवढाच विचार करावा असे माझे मत आहे.

माझ्याकडे १९९८ पासून दुचाकी आहे आणि घराला कुंपणाची भिंत आहे, तरीही २००९ साली एका पहाटे माझी गाडी फाटकापर्यंत सरकवलेली आढळली. मागच्या चाकात साखळी होती म्हणून ती तिथेच थांबली. त्या दिवशी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून सोळा मिलिमीटर जाडीच्या सळईची यू आकाराची कडी वाकवून घेतली, तिच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि गाडी लावतो तिथली फरशी फोडून ती काँक्रीटमध्ये गाडली. काँक्रीटला सात दिवस पाणी मारले आणि आठव्या दिवसापासून साखळी त्या कडीतून जाऊ लागली. खर्च कुलपापेक्षा कमी आला. जिथे जमीन फोडता येत नाही तिथे भिंतीत किंवा खांबात अँकर बोल्टने कडी बसवता येते, मात्र बोल्टचे डोके वेल्ड करून गोल करून घ्यावे, नाहीतर चोर पाना घेऊन येईल आणि कडीच सोडवून नेईल. बांधकाम विटांचे असेल तर अँकर बोल्ट धरत नाही, काँक्रीटचा खांबच शोधावा लागतो.

साखळीबद्दल दोन गोष्टी मी ठेच लागून शिकलो. पहिली ही की साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. मोठ्या कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता आला की बऱ्याच कड्या तुटतात. साखळी गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेली असली तर तो भार देता येत नाही. दुसरी ही की ती पुढच्या चाकात न घालता मागच्या चाकातून आणि शक्य झाल्यास स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, आतून घ्यावी, कारण पुढचे चाक एक्सल काढून वेगळे करणे तुलनेने सोपे असते. साखळीवर मी सायकलची जुनी ट्यूब चढवली आहे. त्यामुळे रिमला ओरखडे पडत नाहीत आणि रात्री उशिरा आलो तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

डिस्क लॉक विसरण्याचा प्रकार माझ्याही घरात झाला आहे. यावर बाजारात लॉकपासून हँडलपर्यंत जाणारी रंगीत दोरी मिळते, पण मी त्याहून साधा मार्ग धरला: डिस्क लॉकची आणि गाडीची चावी एकाच कडीत ओवलेली आहे. लॉकमधून चावी काढल्याशिवाय गाडीची चावी हातात येतच नाही, अशा जातीचे लॉक घ्यावे, म्हणजे उघडे असताना चावी धरून ठेवणारे आणि बंद केल्यावरच सोडणारे. मग रात्री घरात येताना चावी हातात असेल तर लॉक लागलेले आहे, हे वेगळे तपासावे लागत नाही. सकाळच्या विसराळूपणावर मात्र दोरीच बरी, हे मान्य करतो.

शेजाऱ्यांच्या स्कूटरशी आता भांडू नका. उलट त्यांना विश्वासात घेऊन दोन्ही गाड्यांची मागची चाके एकाच लांब साखळीत ओवता येतात का ते पाहा. दोन चावी दोन घरांत ठेवाव्या लागतात आणि ज्याची पाळी पहाटेची आहे त्याने निघताना उरलेल्या गाडीची साखळी पुन्हा लावून जायची, एवढा एकच नियम त्यात सांभाळावा लागतो. आमच्या आळीत तो नियम तीन महिने टिकला आणि मग एका लग्नसराईत मोडला, पण तीन महिनेही थोडे नव्हेत.

किल्लीगॅरेज_कोल्हापूर यांचे उत्तर:

तात्यांनी रात्रीचे सांगितले, मी दिवसाचे सांगतो, कारण माझ्या गॅरेजवर चोरीनंतर परत मिळालेल्या ज्या गाड्या लॉकसेट बदलायला येतात, त्यांतल्या बऱ्याच भरदिवसा गेलेल्या असतात. दिवसाचा चोर ढकलत नाही. तो मालक असल्यासारखा येतो, चावी लावतो, गाडी चालू करतो आणि गर्दीतून जातो. आठवडे बाजार, दवाखान्याचे आवार, मंगल कार्यालयाबाहेरची रांग, या त्याच्या जागा. त्याच्या खिशात झिजलेल्या चार-सहा जुन्या चाव्या असतात आणि त्यांतली एखादी लागते, याचे कारण चोराच्या हुशारीपेक्षा आपल्या कुलपात अधिक असते.

दुचाकीच्या साध्या इग्निशन लॉकमध्ये पितळेच्या किंवा जस्ताच्या बारीक पत्त्या असतात. चावीच्या खाचांप्रमाणे त्या सरळ रेषेत आल्या की लॉक फिरते. आठ-दहा वर्षांत चावी आणि पत्त्या दोन्ही घासून गुळगुळीत होतात, आणि मग कोणत्याही झिजलेल्या चावीने लॉक फिरू लागते. याची परीक्षा घरी करता येते. गाडी चालू स्थितीत असताना चावी हलकेच ओढा. ती बाहेर निघून आली आणि गाडी चालूच राहिली, तर ते लॉक केवळ शोभेपुरते उरले आहे. आपली गाडी २०१६ ची आहे म्हणता, तेव्हा आजच करून बघा. निघाली तर पूर्ण लॉकसेट बदला, म्हणजे इग्निशन आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण एकाच चावीवर राहील. पावसाळ्यात लॉक जड झाले की लोक त्यात इंजिनचे तेल सोडतात. तेलाला धूळ धरते आणि पत्त्या लवकर झिजतात. त्यापेक्षा पेन्सिलीचे शिसे खरवडून त्याची पूड चावीला लावावी आणि चावी चार वेळा आत-बाहेर करावी.

काही गाड्यांबरोबर नवीन असताना चावीच्या जुडग्यात एक बारीक पत्र्याची चकती येते आणि तिच्यावर आकडा कोरलेला असतो. तो चावीचा नंबर असतो. ती चकती जुडग्यात लटकवत हिंडणारे गिऱ्हाईक मला रोज भेटतात. ती काढून घरी कागदपत्रांत ठेवावी. तसेच जास्तीची चावी साइड पॅनेलमध्ये किंवा सीटखाली लपवून ठेवण्याची सवय सोडावी. ते पॅनेल नाण्याने उघडते, आणि हे जसे मला माहीत आहे तसे त्यांनाही माहीत आहे.

दिवसाच्या चोरीला अडवण्यासाठी इंजिन बंद पाडण्याच्या युक्त्या उपयोगी पडतात. आपल्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल कॉक आहे. तो बंद करून गाडी लावली तर कार्ब्युरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर चोर काही शे मीटर जाईल आणि भर रस्त्यात थांबेल; तिथे बसून कॉक शोधण्याचा धीर सगळ्यांना होत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यापासून बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या आणि त्यांना असा कॉक नाही. जुन्या गाडीत सीडीआयकडे, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या डबीकडे, जाणाऱ्या वायरमध्ये लपवलेले बटण बसवता येते. मात्र ते माहितीच्या मेस्त्रीकडूनच करून घ्या. नुसती वायर तोडून चिकटपट्टी गुंडाळली तर पहिल्या पावसात खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडेल, आणि चोराआधी आपणच अडकाल. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नये हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक. दूध घ्यायला किंवा चाकात हवा भरायला थांबताना चावी गाडीलाच ठेवू नका. थंडीत गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवून हेल्मेट आणायला वर जाऊ नका. जुनी गाडी विकताना अनोळखी माणूस चक्कर मारून बघतो म्हणाला तर स्वतः मागे बसा. मी स्वतः एकदा मागे बसलो नव्हतो, आणि त्याबद्दल अधिक लिहावेसे वाटत नाही.

गडवाटा यांचे उत्तर:

बाहेरगावी गाडी ठेवण्याबद्दल थोडेसे. आम्ही ट्रेकला जाताना गाडी पायथ्याच्या रस्त्यावर कधीच सोडत नाही. राजगडासाठी गुंजवणे, हरिश्चंद्रगडासाठी पाचनई, अशा गावांत कोणाच्या तरी अंगणात विचारून गाडी लावतो, हेल्मेट त्यांच्या पडवीत ठेवतो, आणि परतल्यावर जेवण त्यांच्याकडेच घेतो. घरातली म्हातारी दिवसभर ओट्यावर बसलेली असते आणि तिच्या नजरेतून अनोळखी माणूस सुटत नाही. मुक्कामी लॉजवर उतरलो तर खोलीचे भाडे ठरवण्याआधी गाडी कुठे लागेल ते बघतो. पुढचे चाक भिंतीला टेकवून आणि हँडल भिंतीच्या बाजूला वळवून लॉक केले की हिसका द्यायला जागा उरत नाही. मित्रांसोबत असलो तर चार गाड्या एका साखळीत. बस, एवढेच.

मीरा_नाशिक यांचे उत्तर:

वर सर्वांनी गाडी जाऊ नये यासाठीचे उपाय सांगितले आहेत. माझी गाडी २०२२ मध्ये एका मंगल कार्यालयाबाहेरून गेली आणि मिळाली नाही, म्हणून गेल्यानंतर उपयोगी पडणाऱ्या सवयींविषयी लिहिते. त्या चोरीच्या आधीच लावून घ्याव्या लागतात.

आपण विमा कोणता घेतला आहे ते आज पाहा. गाडी जुनी झाली की पुष्कळजण कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा काढतात, आणि त्यात चोरीची भरपाई अजिबात मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतला असेल तर चोरीनंतर त्या वर्षीच्या पॉलिसीत लिहिलेली किंमत मिळते. माझी पॉलिसी सुरू झाली तेव्हा गाडीला तीन वर्षे उलटून गेली होती, म्हणून घसारा ४० टक्के धरला गेला. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा आपल्या बाबतीत ती नूतनीकरणाच्या वेळी स्वतः वाचून मगच सही करावी.

माझ्या विमा कंपनीने मागितलेल्या पहिल्या दोन वस्तू म्हणजे गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या. एक चावी हरवली असल्यास ती गाडीलाच राहिली होती, असा अर्थ काढायला त्यांना मोकळीक मिळते. माझी दुसरी चावी सुदैवाने देव्हाऱ्याच्या खणात होती. एखादी चावी हरवलीच तर त्याच वेळी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तो कागद जपून ठेवावा. गाडीचा चेसिस आणि इंजिन क्रमांक दिसेल असा फोटो, आणि टाकीवरच्या एखाद्या खास ओरखड्याचा फोटो फोनमध्ये असू द्यावा. मूळ आरसी गाडीत ठेवू नये. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत वाहतूक पोलिसांना दाखवता येते, मग चोराला गाडीबरोबर तिची कागदपत्रेही कशाला द्यावीत?

फिर्यादीबाबत मला तेव्हा दोन दिवस आजूबाजूला शोधून बघा असे सांगण्यात आले आणि मी ते ऐकले. ती चूक होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते आणि मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल करावा. पोलिसांकडे ताबडतोब फिर्याद दिलेली असेल तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला या कारणावरून चोरीचा दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी २०२० मध्ये दिलेला आहे, पण असला वाद उभा राहू न देणे केव्हाही बरे. पोलिसांना गाडी सापडली नाही तर ते न्यायालयात अ समरी अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. तो मंजूर झाल्याशिवाय माझ्या दाव्याची फाइल पुढे सरकली नाही आणि त्यात सात महिने गेले.

परिवहन विभागाकडे आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवलेला असावा. चोरीच्या गाडीवर कुठे ई-चलान फाटले तर ठिकाण, वेळ आणि बहुधा फोटोसह ते आपल्यालाच येते, आणि तपासाला तेवढा धागाही पुरतो. आपली गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने तिला नव्या उच्च सुरक्षा पाट्या बसवल्या आहेत ना, तेही पाहा. त्या एकदाच बसणाऱ्या लॉकने घट्ट केलेल्या असतात, त्यामुळे ओढून काढल्या तर खूण राहते.

स्टेशनजवळच्या पार्किंगबद्दल एक गोष्ट. पावतीवर गाडी मालकाच्या जबाबदारीवर असे छापलेले असते आणि आपण ते वाचून हात टेकतो. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सेवकाकडे चावी सोपवलेली चारचाकी १९९८ मध्ये चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये असे ठरवले की चावी आणि गाडी ताब्यात घेतल्यावर निष्काळजीपणा झाला तर नुसत्या अशा छापील ओळीने हॉटेलला जबाबदारी झटकता येणार नाही. दुचाकीच्या पार्किंगमध्ये आपण बहुधा चावी देत नाही, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असे समजू नका. पावती मात्र पाकिटात ठेवा. मी एकदा ती टाकीवरच्या पिशवीत ठेवून गेले होते, म्हणजे गाडी बाहेर नेण्याचा परवानाच गाडीवर ठेवला होता.

चिंचवडकर_तिसरी_पाळी:

सर्वांचे मनापासून आभार. चावीची परीक्षा काल रात्री केली. चावी निघून आली आणि गाडी खुशाल चालू राहिली. शनिवारी लॉकसेट बदलतो आहे. मीराताई, माझी दुसरी चावी तीन वर्षांपासून दिसलेली नाही, त्याची नोंदही करतो. किल्लीगॅरेज यांना एक विचारायचे होते: स्टेशनवर तीन दिवस गाडी राहते म्हणून जीपीएस यंत्र बसवावे का?

किल्लीगॅरेज_कोल्हापूर:

बसवायला हरकत नाही, पण बॅटरीचे गणित आधी करा. यंत्र सतत २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास जातो, आणि आपल्या गाडीची बॅटरी समजा चार अँपिअर-तासांची असली तर आठवड्यात ती पार बसते. तीन दिवसांना चिंता नाही. दिवाळीची दहा दिवसांची सुट्टी असेल तर गाडी किकवर चालू करायची तयारी ठेवा. गाडी उभी असताना झोपी जाणारे आणि हलली की जागे होणारे यंत्र घ्या, ते फार कमी खाते. टाकीखाली बसवा, सीटखाली नको, पहिला हात तिथेच जातो. ब्लूटूथचे छोटे टॅग स्वस्त पडतात, पण जवळपास कोणाचा तरी फोन असेल तरच ते ठिकाण सांगतात, आणि अनोळखी टॅग सोबत फिरतो आहे अशी सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते.

तात्या_सातारा:

आणि त्या बोळातल्या कडीचे काय झाले? घरमालक परवानगी देतील का?

चिंचवडकर_तिसरी_पाळी:

तात्या, दिली. एक कडी मी म्हणालो होतो, त्यांनी स्वतःच्या स्कूटरसाठी आणखी दोन बसवायला सांगितल्या आणि निम्मा खर्चही उचलला. काल काँक्रीट भरले, आज सकाळपासून पाणी मारणे चालू आहे. सात दिवस होईपर्यंत मी गाडी शेजारच्यांच्या स्कूटरला खेटूनच लावतो आहे.